न ऐकू येणारं गेलं कुठे?

अचलपुरात आमच्या मंडळाच्या भजनांत कानाची खरी परीक्षा घेते ती खंजिरी. सीडीत सेकंदाला 1,411 किलोबिट असतात. एमपी3मध्ये अनेकदा 128च उरतात. मोठ्या आवाजाखाली दबलेलं आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून ते आधीच टाकून देतात. खंजिरीच्या झटक्यात मात्र चोरी सापडते: थापेच्या आधीच पुसट खरखर उमटते. 320 किलोबिटवर मात्र फरक ओळखताना भलेभले हरतात.

आमचे ढोलकीवाले काका म्हणतात, "भाऊ, मले तं दोन्ही सारखंच वाटते."

मग जे कोणालाच जाणवत नाही, ते आहे की नाही? न्यायदर्शन प्रत्यक्षासोबत अनुमानही प्रमाण मानते. मूळ फायलीतून एमपी3 वजा केली, की टाकलेला आवाज वाजवता येतो. म्हणजे तो होता. श्रवणाला तो हवा होता का, हा निराळा प्रश्न. आणि त्याची कसोटी फायलीचं नाव झाकूनच घ्यावी. पण ऐकणं केवळ कानाचं नसतं. आपल्या वऱ्हाडातल्या संत गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली. ग्रंथ त्यांनी ऐकून आत्मसात केले. तिथे मोठं होतं ते अवधान.

मी भजनं काहीच न टाकणाऱ्या लॉसलेस फायलींमध्ये साठवतो, एमपी3मध्ये ऐकतो. पुढच्यांसाठी सगळं राखणं हे कर्तव्य. आपल्या कानाला सगळं कळतं म्हणणं हा अहंकार.