मान्य केलेले असत्य आणि त्यातला विश्वासभंग

जे खरे नाही हे सर्वांना आधीपासून ठाऊक आहे, त्याच्या बाबतीत आपली फसवणूक झाली असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आणि कोणत्या अर्थाने पोहोचतो, हा प्रश्न नाट्याच्या तत्त्वज्ञानात जुना आहे. 2019च्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आलेल्या 'डब्ल्यूडब्ल्यूई 2के20' या व्हिडिओ गेमने तो एका अनपेक्षित जागी पुन्हा उभा केला. अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीवर आधारलेला हा खेळ इतका सदोष निघाला की जगभरच्या खेळाडूंनी समाजमाध्यमांवर त्याच्या दुरुस्तीची मागणी करणारी मोहीम चालवली, आणि काहींना पैसेही परत मिळाले. ज्या कुस्तीचा निकाल लढतीपूर्वीच ठरलेला असतो, तिच्या संगणकीय प्रतिमेवर लोकांनी 'ही खरी वाटत नाही' असा आक्षेप घ्यावा, यात वरवर पाहता विसंगती आहे. मात्र ही विसंगती खेळाडूंच्या विचारात नसून 'खोटे' या कल्पनेकडे पाहण्याच्या नेहमीच्या ढोबळ दृष्टीत आहे, आणि खेळाडूंनी तक्रार करताना एक सूक्ष्म भेद अचूक ओळखला होता, असे येथे मांडायचे आहे.

व्यावसायिक कुस्ती म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. या प्रकारात मल्लांची ताकद, उड्या, पडणे आणि त्यातून होणाऱ्या दुखापती खऱ्या असतात. परंतु कोण जिंकणार, कोणाचे कोणाशी वैर आहे आणि ते वैर कधी मिटणार, हे लेखक व आयोजक ठरवतात. हे सर्व खरेच घडत आहे असे रिंगणात आणि रिंगणाबाहेरही भासवत राहण्याच्या प्रथेला त्या व्यवसायात 'केफेब' म्हणतात. ही प्रथा एके काळी इतकी कडक होती की एकमेकांचे वैरी म्हणून वावरणारे मल्ल लोकांसमोर एकत्र जेवायलाही बसत नसत. 1989मध्ये मात्र त्या वेळच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे, क्रीडा नियामक मंडळाची बंधने टाळण्यासाठी, हा प्रकार म्हणजे मनोरंजन आहे असे उघडपणे मान्य केले. यानंतर प्रेक्षक दुरावले नाहीत. फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ याने 1957च्या 'मिथॉलॉजीज' या संग्रहातील कुस्तीवरील निबंधात याचे कारण जणू आधीच सांगून ठेवले होते: हा क्रीडाप्रकार नसून एक दृश्यसोहळा आहे, आणि लढत खरी की खोटी याची प्रेक्षकाला फिकीर नसते, कारण त्याला वेदना, पराभव आणि न्याय यांची स्पष्ट रूपे डोळ्यांसमोर पाहायची असतात. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात ठरवून केलेली कुस्ती हा मातीचा अपमान ठरतो. येथे मात्र ठरवणे हाच पाया आहे, आणि प्रेक्षक त्या पायावर डोळसपणे उभा असतो.

या पार्श्वभूमीवर 2019चे प्रकरण पाहावे. या मालिकेचे खेळ 2000 सालापासून 'यूक्स' ही जपानी कंपनी तयार करत आली होती. ती बाहेर पडल्यावर संपूर्ण जबाबदारी 'व्हिज्युअल कॉन्सेप्ट्स' या अमेरिकी कंपनीकडे आली आणि 'डब्ल्यूडब्ल्यूई 2के20' हा तिने एकटीने केलेला या मालिकेतील पहिला खेळ होता. खेळाडूंचे आक्षेप अनेक होते. ओळखीच्या मल्लांचे चेहरे ओळखू येत नव्हते, केस अंगापासून सुटल्यासारखे हवेत फडफडत होते, शरीरे दोरांत अडकत किंवा जमिनीत रुतत होती, मारलेला ठोसा प्रतिस्पर्ध्याच्या आरपार जात होता आणि खेळ मध्येच बंद पडत होता. प्रतिस्पर्ध्याचा डाव उलटवण्याचे बटणही बदलले होते, त्यामुळे वर्षानुवर्षांच्या सवयीने चालणारी बोटे चुकीच्या जागी पडत होती. कोणी कथेच्या लांबणीवर बोलले, तर कोणी स्वतःचा मल्ल घडवण्याच्या सोयीमुळे खेळाची बाजूही घेतली.

या आक्षेपांतला सर्वांत ठळक आक्षेप साम्याचा होता, आणि तोच तात्त्विकदृष्ट्या सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. भरताच्या रससूत्राचा अर्थ लावताना शंकुक या काश्मिरी भाष्यकाराने 'चित्रतुरगन्याय' नावाचा दृष्टान्त दिला. चित्रातला घोडा पाहून माणूस 'हा घोडा' असे म्हणतो. हे ज्ञान यथार्थ नसते, कारण तेथे घोडा नाही. ते भ्रमही नसते, कारण पाहणारा त्यावर बसायला जात नाही. ते संशय नसते, आणि 'हे घोड्यासारखे काहीतरी आहे' अशी केवळ साम्याची जाणीवही नसते. या चारही प्रकारांहून वेगळी अशी ही प्रतीती आहे, आणि रंगभूमीवरील नटाला राम म्हणून पाहताना प्रेक्षकाला तीच होते, असे शंकुकाचे म्हणणे होते. रस हे अनुकरण आहे हे त्याचे मत पुढे काश्मीरमधल्याच परंपरेने खोडून काढले, तरी त्या विशिष्ट प्रतीतीचे त्याने केलेले वर्णन आजही उपयोगी पडते. चित्रातला घोडा घोडा वाटण्यासाठी त्याच्या आयाळीचा केस न् केस काढावा लागत नाही.

खेळाडूंनाही हे ठाऊक असते, याचा पुरावा त्यांच्या आवडीनिवडीच्या इतिहासात सापडतो. निन्टेंडो 64 या यंत्रासाठी 2000च्या नोव्हेंबरमध्ये आलेला 'डब्ल्यूडब्ल्यूएफ नो मर्सी' हा खेळ आजही कुस्तीच्या उत्तम खेळांत गणला जातो. त्यातले मल्ल ठोकळ्यांचे बनलेले आहेत, चेहरे सपाट पृष्ठावर चिकटवल्यासारखे आहेत, आणि सुरुवातीच्या काही प्रतींमध्ये तर खेळाडूने जतन केलेली सारी प्रगती पुसून टाकणारा दोष होता. साम्याची उणीव आणि तांत्रिक दोष या दोन्ही गोष्टी तेथे होत्या, तरीही प्रेम टिकले. तेव्हा 'चेहरे जुळत नाहीत' या 2019मधल्या वाक्याचा शब्दशः अर्थ घेणे योग्य ठरणार नाही. ते एका खोल दुखण्याचे हाताशी आलेले, सहज दाखवता येणारे लक्षण होते.

ते दुखणे कोणते, याचे उत्तर अभिनवगुप्ताच्या 'अभिनवभारती' या नाट्यशास्त्रावरील टीकेत शोधता येते. दहाव्या-अकराव्या शतकांतल्या या काश्मिरी आचार्याने रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले पहिले म्हणजे समोर घडते आहे ते संभवनीयच न वाटणे. दुसरे म्हणजे प्रेक्षक स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या विशिष्ट स्थळकाळात जखडला जाणे. तिसरे, स्वतःच्या सुखदुःखाने मन व्यापून जाणे. चौथे, प्रतीती ज्या साधनांनी व्हायची ती साधनेच विकल असणे. पाचवे, प्रतीती स्पष्ट नसणे. सहावे, गौण गोष्ट प्रधान होऊन बसणे. आणि सातवे, भावाविषयी संशय राहणे. या यादीत 'समोरचे वास्तवात खरे नाही' हे विघ्न नाही, ही बाब फार महत्त्वाची आहे. नाट्याला असत्याचा धोका नसतो. त्याला धोका असतो तो साधने मोडण्याचा, कारण साधन मोडले की प्रेक्षकाचे लक्ष रामावरून नटाकडे आणि नटावरून त्याच्या सुटलेल्या मुकुटाकडे जाते.

ठोसा प्रतिस्पर्ध्याच्या आरपार जातो तेव्हा हेच चौथे विघ्न उभे राहते, आणि त्याच्यामागोमाग सहावेही येते, कारण जो संगणकीय आराखडा अदृश्य राहून खेळाला आधार द्यायचा तोच प्रधान होऊन डोळ्यांत भरतो. त्या काळात या दोषांच्या चित्रफिती लोकांनी हसत हसत एकमेकांना दाखवल्या. विकृत आकार, विसंगत हालचाल आणि अस्थानी चेष्टा यांतून हास्य उपजते असे नाट्यशास्त्र सांगते, आणि वीर किंवा रौद्र रस जेथे अनुचित आधारावर उभा राहतो तेथे त्याचा आभास होऊन तो हास्यात उतरतो, असे अभिनवगुप्त मानतो. त्या हसण्याला केवळ टवाळी समजणे अन्यायाचे होईल. ज्यांनी वीररसाची अपेक्षा मनापासून धरली होती, त्यांच्याच वाट्याला हे हास्य अधिक आले.

येथपर्यंत खेळाडूला प्रेक्षक मानले, पण तो केवळ प्रेक्षक नाही, आणि या प्रकरणाचा सर्वांत विचारणीय भाग येथे सुरू होतो. अभिनवगुप्ताच्या मते नट हे आस्वादाचे पात्र, म्हणजे भांडे आहे. रस त्यातून प्रेक्षकापर्यंत पोहोचतो, पण भांडे स्वतः रस चाखत नाही. व्हिडिओ गेममध्ये नट आणि रसिक एकाच देहात बसलेले असतात, कारण ज्याची बोटे मल्लाला हलवतात तोच त्या मल्लाचा विजय भोगतो. शिवाय येथे एक विलक्षण उलटापालट होते. प्रत्यक्ष रिंगणात निकाल ठरलेला असतो आणि झुंज भासवली जाते. पडद्यावरच्या खेळात मात्र, दोन माणसे समोरासमोर बसली की, निकाल खरोखरच अनिश्चित असतो आणि अधिक कुशल हात जिंकतो. अर्थात, बनावट स्पर्धेची प्रतिकृती करताना स्पर्धा खरी झालेली असते. म्हणूनच बटण योग्य क्षणी दाबूनही डाव उलटत नाही, किंवा जिंकत आलेला मल्ल दोरांत अडकून राहतो, तेव्हा या साऱ्या व्यवहारात जो एकमेव खरा अंश होता त्यालाच धक्का बसतो. 'हे खरे वाटत नाही' या तक्रारीत एक शब्दशः सत्य दडलेले आहे ते हेच.

डच इतिहासकार योहान हाइझिंगा याने 1938च्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथात लबाडी करणारा आणि खेळ मोडणारा यांत फरक केला आहे. लबाड खेळाडू नियम चोरून मोडतो, पण खेळाचे वर्तुळ मान्य करतो. खेळ मोडणारा ते वर्तुळच पुसून टाकतो, म्हणून समाज लबाडाला जितकी क्षमा करतो तितकी त्याला करत नाही. कुस्तीच्या इतिहासात याचे जळजळीत उदाहरण 9 नोव्हेंबर 1997 रोजी माँट्रियलमध्ये घडले. ब्रेट हार्ट आणि शॉन मायकल्स यांच्या लढतीचा जो शेवट हार्टशी बोलून ठरला होता, तो त्याच्या नकळत बदलून डब्ल्यूडब्ल्यूएफचे प्रमुख व्हिन्स मॅकमॅहन यांनी घंटा वाजवायला लावली आणि हार्टचे विजेतेपद गेले. निकाल ठरलेलाच असतो हे माहीत असलेल्या प्रेक्षकांनीही याला विश्वासघात म्हटले, आणि ते बरोबरच होते, कारण असत्याचाही एक करार असतो आणि तो करार खरा असतो. सत्य बोलणाऱ्याला निदान वस्तुस्थितीचा टेकू असतो. संमतीने रचलेल्या कल्पित जगाला सहभागी माणसांनी पाळलेल्या शब्दाशिवाय कोणताच टेकू नसल्यामुळे तेथे शब्द पाळण्याचे बंधन उलट अधिक कठोर होते.

1 जानेवारी 2020 रोजी घडलेली गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. वर्ष बदलताच हा खेळ उघडेनासा झाला, आणि कंपनीची दुरुस्ती येईपर्यंत, यंत्राचे घड्याळ मागे नेऊन 2019 साल लावले तरच तो चालतो, असे खेळाडूंच्या लक्षात आले. स्वतःच्या स्थळकाळाचे भान हे अभिनवगुप्ताने सांगितलेले दुसरे विघ्न, आणि ते दूर करण्यासाठी पूर्वरंग, प्रस्तावना व वेशभूषा यांची योजना असते, असे तो सांगतो. कुस्तीतही मल्लाच्या आगमनाचे संगीत, प्रकाश आणि मिरवणूक हेच काम करतात. येथे खेळाने प्रेक्षकाला त्याच्या काळातून अलगद सोडवण्याऐवजी तोच काळ दारात आडवा घातला, आणि आत शिरण्यासाठी प्रेक्षकालाच आपल्या घड्याळाशी खोटे बोलायला लावले. ज्या असत्याची जबाबदारी रचनाकाराने घ्यायची ते प्रेक्षकाच्या गळ्यात पडले.

यावर एक सरळ आक्षेप संभवतो, की हा सारा व्यवहार वस्तू आणि किंमत यांचा आहे, सदोष वस्तूबद्दल ग्राहक चिडला, आणि त्यात रसशास्त्र आणण्याचे कारण नाही. हा आक्षेप अर्धा खरा आहे; पूर्ण किंमत घेऊन अपुरी वस्तू विकणे हा अन्यायच आहे आणि त्याला तत्त्वज्ञानाचा मुलामा देऊ नये. परंतु खेळाडूंच्या मोहिमेचे मुख्य घोषवाक्य परताव्याचे नसून दुरुस्तीचे होते. ग्राहकाचे नाते पैसे परत मिळताच संपते. येथे अनेकांना नाते संपवायचे नव्हते, आणि ज्यांनी खेळाची बाजू घेतली त्यांनीही तो निर्दोष आहे असे म्हटले नाही. स्वतः घडवलेले मल्ल आणि स्वतः रचलेल्या लढती यांत ते करार एकतर्फी पाळत राहिले. अशा निष्ठेला भाबडेपणा म्हणण्याची घाई करू नये.

पुढे एप्रिल 2020मध्ये त्या वर्षीचा नियोजित खेळ निघणार नाही असे जाहीर झाले, आणि मालिकेचा पुढचा मुख्य खेळ, 'डब्ल्यूडब्ल्यूई 2के22', 2022च्या मार्चमध्ये आला. त्याचे स्वागत पुष्कळ बरे झाले. त्यात नियंत्रणाची रचना आधीपेक्षाही अधिक बदललेली होती, आणि प्रतिडावाचे बटण 2019मध्ये ज्या नव्या जागी नेल्याबद्दल एवढी ओरड झाली होती, तेथेच ते राहिले होते. या वेळी मात्र बटण दाबले की डाव उलटत होता, आणि बोटांनी नवी जागा शिकून घेतली.