ऐकण्याचे प्रायश्चित्त

नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे, आणि समर्थांनीही दासबोधाचा चौथा दशक श्रवणापासूनच आरंभिला, हे आपण जाणतो. पण ते पहिले का, असे कुणी विचारले तर बहुधा आपण म्हणू की ते सर्वांत सोपे म्हणून, म्हणजे मांडी घालून बसले, कान उघडे ठेवले, की पहिली पायरी चढून झाली. मला नेमके उलटे वाटत आले आहे. श्रवणात आपल्याला काहीच करून दाखवता येत नाही, बाजू मांडता येत नाही, 'पण माझे म्हणणे असे की' हे आपले लाडके वाक्य गिळून बसावे लागते, आणि म्हणून पुढच्या आठही भक्तींना लागणारी भुई श्रवणातच तयार होते. ज्याला हे गप्प बसणे सर्वांत जड जाते, अशा एका माणसाच्या निमित्ताने आज हा शब्द थोडा उलगडून पाहू. तो माणूस म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणारा अपराधी.

त्याला माहिती नसते असे नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ आहे, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क ही मर्यादा आहे, पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही आहेत, आणि नाक्यावर पोलिसाने तोंडासमोर यंत्र धरले की काय होते हे तर मित्रमंडळींत चवीने सांगितले जाते. ही सारी माहिती कानावरून गेलेली असते. श्रवण मात्र झालेले नसते. माहितीत ऐकणारा जागच्या जागी राहतो आणि तिच्यातून पळवाट शोधतो, कोणत्या रस्त्याला नाकाबंदी नसते एवढेच तिच्यातून शिकतो. श्रवणात ऐकणाऱ्याला जागा सोडावी लागते आणि जिथे दुसरा बसला आहे, तिथे काही काळ जाऊन बसावे लागते.

आपल्या परंपरेने ही गोष्ट फार पूर्वी सांगून ठेवली आहे. दशरथ शब्दवेधी होता. नुसत्या आवाजावर बाण मारण्याच्या कौशल्याची आणि तारुण्याची धुंदी त्याला चढलेली होती. शरयूच्या काठी रात्रीच्या अंधारात घडा बुडण्याचा आवाज आला, त्याला तो हत्तीचा वाटला, आणि बाण सुटला. पाहा, इथेही कान होताच, अगदी तीक्ष्ण कान होता. पण त्या कानाला आवाजाच्या पाठीमागे कुणी माणूस असेल, त्या माणसाची कुणीतरी वाट पाहत असेल, हे ऐकू आले नाही. त्याच्या लेखी आवाज म्हणजे लक्ष्य. मारण्याचा हेतू नव्हता, हे खरे; आणि आजही प्रत्येक आरोपीचा वकील हेच सांगतो. वाल्मीकींची कथा मात्र हेतूपाशी थांबत नाही. मरणारा मुलगा राजाला शिव्या देत नाही, तर माझ्या आईबापांकडे जा आणि त्यांना सांग, असे म्हणतो. राजा घडा भरून निघतो. पावलांचा आवाज ऐकून आंधळा बाप विचारतो की बाळा, इतका उशीर का केलास. त्या एका प्रश्नात दशरथाचे खरे श्रवण घडले, असे मला वाटते. ज्याने शब्दावर बाण मारला, त्याच्याच काळजात आता शब्द शिरला. लोकपरंपरेने त्या मुलाचे नाव श्रवण ठेवले आहे. त्यावर मी अधिक भाष्य करत नाही.

अमेरिकेत या प्रसंगाला न्यायालयीन रूप मिळाले आहे. १९८० च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात कँडी लाइटनर या बाईंची तेरा वर्षांची मुलगी मद्यधुंद चालकाने उडवली. तो चालक अशाच दुसऱ्या गुन्ह्यात जामिनावर सुटलेला होता. त्या आईने त्याच वर्षी 'मॅड' ही संघटना उभी केली. तिच्या नावात आरंभी मद्यपी चालकांना विरोध होता, पुढे मद्यपान करून गाडी चालवण्याला विरोध असा बदल झाला. शोकातून उभ्या राहिलेल्या माणसांनी माणसावरचे बोट कृत्याकडे वळवावे, ही लहान गोष्ट नव्हे. पुढे त्या देशात अशा बैठका रूढ झाल्या की ज्यांत दोषी ठरलेल्या चालकांनी न्यायालयाच्या आदेशाने येऊन बसायचे, आणि ज्यांचे कुणी गेले किंवा जायबंदी झाले त्यांनी समोर उभे राहून आपली कहाणी सांगायची. एवढेच. चर्चा नाही, उलटतपासणी नाही. बोलणाऱ्याने दोषारोप करायचा नाही, ऐकणाऱ्याने बचाव करायचा नाही, आणि मुख्य म्हणजे, ज्याने आपले माणूस मारले तोच अपराधी समोर बसवायचा नाही. या शेवटच्या नियमावर मी बराच काळ अडखळलो. मग उमगले की आपल्यावर आरोप होत आहे असे वाटताच माणसाचा कान मिटतो आणि जीभ उघडते; परक्याचे दुःख ऐकताना ती ढाल हाती नसते. त्यातून तिथे बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या हातून कुणी मेलेले नसते. ते केवळ पकडले गेलेले असतात, आणि 'मी कुणाला मारले?' हा त्यांचा प्रश्न त्या खोलीत हळूहळू तोंडातच विरतो.

आणि ऐकायचे काय असते? मृत्यू हा शब्द फार गुळगुळीत झाला आहे. तो ऐकून कुणी हलत नाही. हलवते ते मृत्यूनंतरचे. रात्री अपरात्री वाजलेला फोन, शवागारात ओळख पटवताना कुणी आत जायचे यावरून भावाभावांत झालेली कुजबूज, आणि आपल्याकडे तर त्यानंतर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. तिथे मृताचे वय आणि मिळकत मांडून सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घालून दिलेल्या कोष्टकाने गुणाकार होतो. एकवीस ते पंचवीस वयाला गुणक १८. मुलगा अविवाहित असेल तर त्याच्या मिळकतीतला साधारण अर्धा भाग त्याचा स्वतःचा खर्च म्हणून आधी वजा. कायद्याला हे करावेच लागते, त्यात निष्ठुरता नाही. पण आपल्या लेकाने स्वतःवर अर्धा पगार उडवला असता, हे आईला भर न्यायालयात ऐकावे लागते, आणि समोर बहुधा विमा कंपनीचा वकील असतो. ज्याने हे घडवले, तो त्या खोलीत नसतोच. भरपाई दुसरा देतो, आणि श्रवणही दुसऱ्याच्याच वाट्याला जाते.

पुण्याचे प्रकरण तुमच्या मनात आलेच असेल. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवले. दोघे मध्य प्रदेशातून पोटासाठी इथे आलेले. चालक सतरा वर्षांचा, आणि तो मद्यपान करून होता असा पोलिसांचा आरोप. बाल न्याय मंडळाने जामीन देताना घातलेल्या अटींत रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती, आणि देश संतापला. लोकांना ती शिक्षा फार थोडी वाटली, ते बरोबरच होते; मला मात्र तिचा क्रम अधिक खटकला. नवविधा भक्तीत श्रवणानंतर कीर्तन येते. ज्याने अजून काहीच ऐकलेले नाही, मध्य प्रदेशातल्या त्या दोन घरांत काय उरले आहे याचा एक शब्दही ज्याच्या कानी पडलेला नाही, त्याला लिहायला बसवले तर तो काय लिहिणार? वाहतुकीचे नियम पाळावेत, वेगावर नियंत्रण ठेवावे, असेच. पुढे रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला आणि रुग्णालयातल्या डॉक्टरांना व मुलाच्या आईबापांना अटक झाली. त्याचा निकाल न्यायालय देईल. पण तसे झाले असेल, तर मुलाला काही ऐकूच येऊ नये याची तजवीज मोठ्या माणसांनीच केली, असे म्हणावे लागेल.

तरी श्रवणाला जादू मानू नये. अमेरिकेतल्या या बैठकांचे अभ्यास झाले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. न्यू मेक्सिकोतल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर चाचणीत तर तुरुंगवास आणि उपचारांना या बैठकीची जोड दिल्यामुळे पुन्हा पकडले जाण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. परमार्थाच्या वाटेवरच्या माणसाला याचे आश्चर्य वाटू नये. श्रवणापाठोपाठ मनन आणि निदिध्यासन सांगितले आहे ते उगीच नाही. एका संध्याकाळी डोळ्यांत आलेले पाणी दुसऱ्या संध्याकाळी ग्लासात उतरू शकते, कारण व्यसन हा आजार आहे आणि त्याला उपचारच लागतात. ऐकून माणूस हेलावतो. हेलावलेल्या माणसाला धरून ठेवणारे कुणी नसेल तर तो जुन्या जागी परततो.

आणखी एक पदर आहे, तो सोडून चालणार नाही. बोलणाऱ्यावर क्षमेचे ओझे टाकू नये. दशरथाने सारे कबूल केले, आईबापांना मुलाच्या देहापाशी नेले, त्यांनी तो चाचपून पाहिला, आणि त्यानंतर बापाने क्षमा केली नाही. तूही पुत्रशोकानेच मरशील, असा शाप दिला. पुराणिक हा शाप घाईघाईने ओलांडून रामकथेकडे वळतात. मी तिथे थांबतो. अपराध्याने ऐकावे ते सुटका मिळावी म्हणून नव्हे. ते ऐकणे हे त्याच्यावरचे देणे आहे, आणि ज्याला ते द्यायचे आहे त्याने ते घेऊन काय करावे हे त्याचे त्याने ठरवावे.

आपल्याकडे याची सवय अजिबात नाही असेही नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रात वर्षानुवर्षे भरतात. तिथे एकाचे शेअरिंग चालू असताना कुणी मध्ये बोलत नाही. व्यसनमुक्ती केंद्रे आहेत, वाहतूक पोलीस आहेत, मनाचा निग्रह असलेले न्यायाधीश आहेत. तुमच्यापैकी कुणी या कामात असाल, तर दंडाची पावती फाडल्यावर त्या माणसाला एक तास एखाद्या अशा घरातल्या माणसासमोर बसवण्याची सोय करा, अर्थात त्या घराची इच्छा असेल तरच. आणि यांपैकी कशातच नसाल, तर तुमच्या गल्लीतल्या ज्या घरातून असे कुणी गेले आहे, तिथे तेरावे उलटल्यावर जा. 'झाले गेले विसरा' हे वाक्य मात्र घरी ठेवून जा. बसा, आणि ते जे सांगतील ते मध्ये न बोलता ऐकून घ्या.