सोडलेले वकीलपत्र



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. तरीही योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने पवित्र आत्म्याला ‘कैवारी’ म्हटले आहे. कैवारी म्हणजे आपली बाजू घेऊन आपल्याशेजारी उभा राहणारा. एका अर्थाने वकीलच. म्हणून आज आपण ज्येष्ठ कायदेपंडित फली नरीमन यांचे स्मरण करू या. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी ते देवाघरी गेले. तेव्हा ते ९५ वर्षांचे होते.

त्यांचा जन्म रंगूनचा, पारशी कुटुंबातला. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या आणि हे कुटुंब घरदार सोडून भारतात आले. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात ते शिकले. १९५० साली त्यांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली आणि १९७२ साली ते भारताचे अतिरिक्त सॉलिसिटर जनरल झाले. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली, तेव्हा त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला.

१९९८ साली नर्मदा प्रकल्पाच्या खटल्यात ते गुजरात सरकारचे वकील होते. त्याच वर्षी गुजरातेत ख्रिस्ती लोकांवर हल्ले झाले, बायबलच्या प्रती जाळल्या गेल्या. जळालेला ग्रंथ त्यांच्या धर्माचा नव्हता. तरीही त्यांनी सरकारचे वकीलपत्र परत केले.

ते निर्दोष होते, असे नाही. भोपाळ वायुदुर्घटनेनंतर त्यांनी युनियन कार्बाइडचे वकीलपत्र घेतले. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पुढे काय कळणार आहे हे आधी ठाऊक असते, तर आपण तो खटला घेतला नसता, असे त्यांनी उतारवयात प्रांजळपणे सांगितले.

बंधू-भगिनींनो, आपण काळा डगला घालत नाही. पण वकीलपत्र रोजच घेतो. भावाभावांच्या बांधाच्या भांडणात, सोसायटीच्या सभेत, सासू-सुनेच्या कुरबुरीत आपण कुणाची तरी बाजू मांडतो. ती खरी आहे म्हणून, की तो ‘आपला माणूस’ आहे म्हणून? सद्सद्विवेकबुद्धी हा प्रश्न विचारते, तेव्हा आपण तिचे तोंड बंद करतो.

या आठवड्यात आपण दोन गोष्टी करू या. मनाला टोचणारे एक वकीलपत्र सोडू या, आणि ज्याच्या बाजूने बोलायला कुणीच नाही, अशा एकाचे वकीलपत्र फी न घेता हाती घेऊ या. कैवारी पवित्र आत्मा आपल्याला त्यासाठी बळ देवो. आमेन.