दुसऱ्या जागेवरचा माणूस

दत्तसंप्रदायातल्या माणसाला नाथमहाराजांच्या देवगिरीवरच्या दोन कथा पाठच असतात. एक हिशेबातल्या पैची, दुसरी चिलखताची. कीर्तनकार त्या रंगवून सांगतात, आपण माना डोलावतो आणि गुरुभक्तीची महती म्हणून घरी घेऊन येतो. मला मात्र या दोन्ही कथा आयुष्यभर वेगळ्याच कारणानं पुरल्या. वडसा इथल्या एका राईस मिलमध्ये मी ३१ वर्षं दिवाणजी होतो. गादीवर मालक आणि गादीच्या बाजूला वही, पेटी आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन मी. म्हणजे दुसऱ्या जागेवरचा माणूस.

यंदा माझ्या भाच्याचा मुलगा पुण्याला एका कंपनीत ‘चीफ ऑफ स्टाफ’ झाला. हे काय प्रकरण आहे म्हणून मी फोनवर विचारलं. त्यानं सांगितलं, मुख्य साहेबांच्या सोबत राहायचं, कोणाची भेट आधी आणि कोणाची नंतर ते ठरवायचं, चार खात्यांची भांडणं साहेबांपर्यंत जाण्याआधी मिटवायची, बैठकीत ठरलं ते झालं की नाही ते पाहायचं. सही मात्र साहेबांची. मी म्हटलं, अरे, म्हणजे दिवाणजी! तो हसला. मग जरा थांबून म्हणाला, “आबाजी, साहेब चुकत असले तर काय करायचं?”

या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून इथं लिहितो आहे. दत्तजयंतीच्या अंकात नोकरीच्या गोष्टी कशाला, असं कोणी म्हणेल. पण आपल्यातले बहुतेकजण जन्मभर कोणाच्या ना कोणाच्या हाताखालीच राबले. परमार्थाला बसतो तो देवघरात दोन घटका. उरलेला दिवस गेला चाकरीत, आणि पाप-पुण्य जे काय घडलं ते बरंचसं तिथंच घडलं.

पहिली गोष्ट, मालक म्हणजे गुरू नव्हे. आपल्या लोकांची इथंच गल्लत होते. गुरुचरित्राचं पारायण करणारा माणूस आज्ञा पाळायला शिकलेला असतो, आणि तीच सवय तो कचेरीत घेऊन जातो. साहेब बोलले ते प्रमाण. गुरूला शिष्याकडून काही नको असतं, म्हणून तिथं डोळे मिटून चालता येतं. मालकाला आपल्याकडून काम हवं असतं, आणि काम डोळे उघडे ठेवल्याशिवाय होत नाही. नाथांच्या बाबतीत दोन्ही एकत्र आलं होतं. जनार्दनस्वामी त्यांचे गुरूही होते आणि किल्ल्याचे कारभारीही. आणि स्वामी तरी कोण होते? दत्तात्रेयांचे थोर उपासक, पण देवगिरीचा कारभार निजामशाहीच्या चाकरीत पाहणारे. म्हणजे तेही कोणाच्या तरी हाताखालीच. हे ध्यानात घेतलं की त्या कथा निराळ्या दिसू लागतात.

चिलखताची कथा पाहा. परंपरा सांगते की स्वामी समाधीत असताना किल्ल्यावर शत्रू चालून आला. नाथांनी गुरूंना उठवलं नाही. त्यांचं चिलखत अंगावर चढवलं, घोड्यावर बसले, फौजेला वाटलं स्वामीच आले, आणि हल्ला परतवला गेला. परत येऊन त्यांनी चिलखत जागच्या जागी ठेवलं आणि ते नेहमीच्या सेवेला लागले. ही हकीकत स्वामींना पुढे दुसऱ्यांकडून कळली.

लढाईचा भाग ऐकताना अंगावर काटा येतो. पण माझ्या मते अवघड भाग पुढचा आहे, चिलखत परत ठेवण्याचा. दुसऱ्याचा अधिकार अंगावर चढला की तो आपल्याच मापाचा वाटू लागतो. मिलमध्ये माझं हेच व्हायची वेळ रोज येत असे. धान घेऊन आलेले लोक मालकाआधी मला रामराम करीत. “दिवाणजी म्हणतील तसंच होते,” असं माझ्यासमोर बोलत. अशा वेळी जिभेवर एक वाक्य येतं, ‘मालकांचं म्हणणं आहे.’ मालक काहीच म्हणालेले नसतात, म्हणणं आपलंच असतं, पण त्यांचं नाव लावलं की समोरचा गप्प बसतो. एका कचेरीत एक गृहस्थ निव्वळ या एका वाक्यावर वर्षानुवर्षं राज्य करताना मी पाहिले आहेत. साहेबांना पत्ताही नसे. मी स्वतःपुरता नेम केला होता. मालक बोलले असतील तर त्यांचं नाव, नाहीतर ‘मी म्हणतो’. त्यानं माझं वजन कमी झालं असेल, पण मालकांच्या नावाचं कमी झालं नाही.

आपल्या इतिहासात चिलखत घालणं आणि परत ठेवणं हे दोन्ही मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं ते रामचंद्रपंत अमात्यांनी. १६८९ साली राजाराम महाराजांना जिंजीला जावं लागलं. औरंगजेब स्वतः दख्खनमध्ये बसलेला. मागे महाराष्ट्र सांभाळण्याचा अधिकार पंतांकडे आला, ‘हुकूमतपनाह’ असा किताब मिळाला. राजा शेकडो कोस दूर, जासूद पोचायलाच दिवसचे दिवस लागत. ही स्थिती आठ वर्षांवर चालली. १६९८ साली महाराज परत आले तेव्हा राज्य त्यांचंच होतं. पुढे १७१५ च्या सुमारास पंतांनी आज्ञापत्र लिहिलं, त्यात प्रधानानं कसं असावं यावर वेगळं प्रकरण आहे. पुस्तकं वाचून लिहिलेलं ते प्रकरण नव्हे.

वडसेकरांना एवढं लांब जायची गरज नाही म्हणा. आपल्याकडे झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सध्या चालूच आहे. ज्या रंगभूमीतल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तिच्या कंपन्यांची कार्यालयं आपल्याच रस्त्यांवर आहेत. कंपनीचा मालक पुष्कळदा स्वतःच नट असतो. तोंडाला रंग लागून तो आत गेला की त्याचीही समाधीच लागते. मग जनरेटर बंद पडो, गावची मंडळी पैशावरून अडून बसोत, एखादा कलाकार जंगलातल्या रस्त्यावर अडकून उशिरा पोचो, मागचं सगळं व्यवस्थापकानं पाहायचं. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चाललं पाहिजे. प्रेक्षकाला तो माणूस दिसतच नाही.

आता या कथेतली माझी अडचण सांगतो. नाथांनी गुरूंना सांगितलं नाही, याला आपण निरहंकार म्हणतो. तो आहेच. पण माझ्यासारख्या दिवाणजीनं ती कथा शब्दशः उचलली तर काय होईल? मालकांच्या नावानं एवढा मोठा निर्णय घेतला आणि त्यांना ते तिसऱ्याकडून कळलं, तर तो निरहंकार की विश्वासघात?

मोबाइल नव्हते तेव्हाची गोष्ट. मालक गाणगापूरला गेले होते. ऐन हंगामात अवकाळी पाऊस चालून आला. आवारात शेतकऱ्यांचे धानाचे कट्टे उघड्यावर पडलेले, ताडपत्र्या पुरेनात. मागचं एक गोदाम रिकामं होतं, पण एका व्यापाऱ्याच्या मालासाठी मालकांनी शब्द देऊन राखून ठेवलेलं. किल्ली माझ्याकडे होती, परवानगी नव्हती. मी कुलूप काढलं, हमालांना लावून कट्टे आत घेतले. व्यापाऱ्याचा माल दोन दिवसांनी आला तेव्हा जागा नाही. तो तावातावानं बोलला, आणि पुढे त्यानं व्यवहार तोडला. मालक ज्या गाडीनं परत आले त्या गाडीला मी स्टेशनवर उभा होतो. घरी पोचायच्या आधी, दुसरं कोणी भेटायच्या आधी, सगळं सांगून टाकलं. किती कट्टे वाचले तेही, आणि कोणता गिऱ्हाईक गेला तेही. मालक बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “दिवाणजी, हे मले दुसऱ्याच्या तोंडून कळलं असतं, तर उद्यापासून तुमाले गादीवर बसू देलं नसतं.” गोदाम उघडलं ते बरं केलं की वाईट, यावर ते कधीच बोलले नाहीत.

त्या दिवसापासून माझी समजूत अशी झाली आहे की श्रेय लपवावं, निर्णय लपवू नये. नाथांनी लपवलं ते श्रेय. त्यांच्या गुरूंना सगळं कळतंच होतं, असं भाविक मानतो. मिलच्या मालकाला कळत नसतं, त्याला सांगावं लागतं.

सांगण्यावरून आणखी एक. हे चीफ ऑफ स्टाफ पद मुळात फौजेतलं आहे. नेपोलियनजवळ बर्थिए नावाचा असा माणूस होता. नेपोलियन भराभर बोलत सुटे, आणि बर्थिए त्याचे नीट हुकूम करून ज्याच्या त्याच्याकडे पोचवी. १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईच्या थोडेच दिवस आधी बर्थिए वारला होता. त्याच्या जागी दुसरा मोठा सेनापती नेमला होता, पण तो या कामातला नव्हता. त्या दिवशी हुकुमांचा जो घोळ झाला, त्यात याही गोष्टीचा वाटा इतिहासकार धरतात. आमचे मालक नेपोलियन नव्हते, पण जाता जाता म्हणत, “त्याचं बघा जरा.” याचा अर्थ त्याचे पैसे देऊन टाका असाही होई आणि त्याला वाटेला लावा असाही. न विचारता अर्थ लावणं हे मला नेहमी धाडसाचं काम वाटलं. मी तिथल्या तिथं विचारत असे, द्यायचे का? किती? कधी? मालक वैतागत. वैतागू द्यावं.

आता भाच्याच्या मुलाचा प्रश्न. मालक चुकत असले तर? चूक दोन जातीची असते. एक अकलेची. भाव पडतील असं मला वाटतं, मालकांना वाटत नाही. अशा वेळी एकांतात, वही समोर ठेवून, एकदा स्पष्ट सांगावं. चारचौघांत नाही, आणि दहादा तर नाहीच. तरी त्यांनी ठरवलं तर ते काम आपलंच समजून पूर्ण ताकदीनं करावं. ‘मी आधीच म्हटलं होतं’ हे वाक्य पुढे जन्मभर गिळावं.

दुसरी चूक धर्माची. एका हंगामात गादीवरच्या एका नातलगानं मला सुचवलं की ओलाव्याच्या नावाखाली कट्ट्यामागं किलोभर जास्त कापत जा, शेतकऱ्याला काय समजते. मी भांडलो नाही. वही त्यांच्याकडे सरकवली आणि म्हटलं, आकडा तुम्ही तुमच्या हातानं लिहा, खाली सही करा, मी माझ्या हातानं लिहिणार नाही. त्यांनी वहीकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं आणि उठून गेले. खोटं काम सांगणाऱ्याला ते दुसऱ्याच्या अक्षरात हवं असतं, हे मी तेव्हा शिकलो.

भीती वाटली का? वाटली. घरी चार तोंडं खाणारी होती. गुरुचरित्राच्या चौदाव्या अध्यायातला सायंदेव मला अशा वेळी आठवतो. क्रूर यवनाच्या चाकरीत असलेला, जिवे मारायला बोलावणं आलेलं. श्रीगुरूंनी त्याला लपवून ठेवलं नाही, पळवूनही लावलं नाही. अभय दिलं आणि त्याच यवनासमोर पाठवलं. तो गेला आणि वस्त्रं घेऊन परत आला. आपण त्यातला चमत्कार सांगतो. मला त्याचं पाऊल उचलणं मोठं वाटतं. आणि कुठं थांबायचं, चाकरीच कधी सोडायची, हे पाहायचं तर रामशास्त्री आहेत. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर त्यांनी राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. प्रत्येकाला ते जमत नाही, हे मला मान्य आहे. पण वही सरकवणं पुष्कळांना जमण्यासारखं आहे.

आपल्या जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखानं तर या सगळ्याची निराळीच तोड काढली. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणारं, ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं गाव. तिथं देवाजी तोफा आहेत, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे सहकारी त्यांच्यासोबत राहिले, पण निर्णय ग्रामसभेचा आणि तोही सर्वसहमतीचा. अभ्यासगटानं विषय समजून घ्यायचा, बाजू मांडायच्या, बाहेरच्या जाणकाराला विचारायचं, आणि ठरवण्याच्या वेळी मागे सरायचं. जाणता माणूस मागे सरतो हे दृश्य मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे.

राहिली पैची कथा. रात्रभर जागून नाथांना हिशेबातली एका पैची चूक सापडली आणि ते एकटेच आनंदानं टाळी वाजवून हसले. भागवतात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये बाण घडवणारा कारागीर आहे, बाजूनं राजाची स्वारी वाजत गेली तरी त्याला कळलं नाही. नाथांनी पुढे काशीत १५७३ साली भागवतावरचा ग्रंथ पूर्ण केला, तेव्हा तो कारागीर त्यांना नवखा नसणार. पण मला या कथेत नाथांपेक्षा स्वामींकडे पाहावंसं वाटतं. एवढा चोख हिशेबनीस मिळाल्यावर कोणता मालक त्याला सोडेल? स्वामी म्हणाले, एका पैसाठी हा आनंद, मग हेच चित्त भगवंताकडे लावलंस तर? आणि त्यांनी त्याला शूलिभंजनाच्या डोंगरावर अनुष्ठानाला नेलं. आपला उजवा हात स्वतःच मोकळा करून दिला.

दुसऱ्या जागेवरच्या माणसालाही मोकळं होता आलं पाहिजे. माझ्याशिवाय मिल चालत नाही, असं लोक म्हणत तेव्हा मला आधी बरं वाटे. मग वाटायला लागलं, ही तर मालकांच्या घरातली वस्तू मी आपल्या खिशात ठेवल्यासारखं झालं. कोणाची उधारी कोणत्या बोलीवर, बारदाना कुठून स्वस्त येतो, कनकी आणि कोंढा कोण नगदीनं उचलतो, कोणत्या शेतकऱ्याचं धान न तपासता घ्यावं, हे सगळं माझ्या डोक्यात होतं, कागदावर नव्हतं. निवृत्त व्हायच्या आधी ते उतरवून काढायला मला दोन महिने लागले. दोनशे पानी वही झाली. माझ्या जागी आलेली मुलगी बी. कॉम. आहे, सगळं कॉम्प्युटरवर करते. पहिल्याच आठवड्यात तिनं माझी निम्मी खाती बदलली. एका खात्यापाशी मात्र अडली आणि घरी विचारायला आली. न तपासता धान घ्यायच्या त्या नावांपाशी. “काकाजी, हे कशावरून?” मी तिला नावं एकेक करून सांगत बसलो. चहा दोनदा झाला.