स्तुतीचा अधिकार

इसवी सन 1630 च्या सुमारास दख्खनेत दुष्काळ पडला आणि देहूच्या पेठेची महाजनकी असलेल्या तुकोबांच्या घराचा पायाच खचला. आईवडील आधीच गेले होते. आता पैसा गेला, पत गेली, दुकान बसले आणि थोरली पत्नी अन्नान्न करीत गेली. ही हकिकत तुकोबांनी स्वतःच अभंगात सांगितली आहे आणि या साऱ्याची आपल्याला लाज वाटली, हेही लपवलेले नाही. याच तुकोबांचा दुसरा एक अभंग दिवाळे निघाले, दुष्काळाने छळले, ते सारे चांगलेच झाले, असे देवाला सांगतो. दुःखात देवाची स्तुती करावी, असे सांगणारे लोक हमखास या अभंगाकडे बोट दाखवतात.

पण ते ‘चांगले झाले’ कोणी म्हटले, हे आपण विसरतो. ज्याच्या घरातली चूल विझली, त्याने ते म्हटले. तेच वाक्य शेजाऱ्याने दारात उभे राहून उच्चारले असते, तर त्याला क्रौर्य म्हणावे लागले असते. दुःखातल्या स्तुतीचा अधिकार फक्त दुःख भोगणाऱ्याचा असतो. तो उसना घेता येत नाही आणि दुसऱ्यावर लादताही येत नाही.

बायबलमधील ईयोबाची कथा याच प्रश्नाभोवती फिरते. मुले, गुरेढोरे आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाला भेटायला तीन मित्र येतात. पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसतात आणि तिथवर सारे ठीक चालते. मग ते बोलू लागतात. देव न्यायी आहे, तेव्हा तुझ्याच हातून काही पाप घडले असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. ईयोब मात्र तक्रार सोडत नाही, देवालाच जाब विचारतो. देव त्यालाही खडसावतो. पण शेवटी निवाडा देताना सांगतो की माझ्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोब, हे मित्र नव्हेत. देवाची बाजू मांडणारे हरले आणि देवाशी भांडणारा टिकला.

आपल्या संतांना हे वेगळे सांगावे लागले नसते. तुकोबांच्या गाथेत आपल्यापुरता देव संपला, असे जाहीर करून टाकणारा अभंगही आहे. दुष्काळाचे आभार मानणाऱ्या अभंगासोबत तोही शतकानुशतके जपला गेला. आभाराचा ठेवायचा आणि रागाचा गाळायचा, असे वारकऱ्यांनी केले नाही. कारण ज्याच्यावर रागावता येत नाही, त्याची केलेली स्तुती ही खुशामतच असते. रुसवा आणि आळवणी ही एकाच नात्याची दोन बोलणी आहेत.

मात्र सगळी दुःखे एका जातीची नसतात. अस्पृश्य ठरवलेल्या समाजातील संत चोखोबांचा मुलगा कर्ममेळा याने आपल्याला असा हीन जन्म का दिला, उष्ट्यावर का जगवले, असे विठ्ठलाला रोखठोक विचारले. ही जखम पावसाने ओढ दिल्यामुळे झालेली नव्हती, माणसांनी केलेली होती. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर आहे. ते द्वार त्यांच्या समाजाला उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, 1947 साली. अशा जखमेवर भजनाची पट्टी बांधून भागत नाही. तिथे अन्याय दूर करणे हीच देवाची खरी स्तुती ठरते.

मग दुःखात गाणाऱ्याला नेमके काय मिळते? तुकोबांचे उत्तर साधे आहे. देऊळ पडझडीला आले होते, ते दुरुस्त करावेसे वाटले. मग एकादशीला कीर्तन सुरू केले; आरंभी चित्ताला त्याचा सराव नव्हता, असे ते स्वतःच सांगतात. म्हणजे मन भरून आले म्हणून ते गायला उभे राहिले नाहीत. आधी उभे राहिले, मन मागाहून आले. दुःखातली स्तुती ही अशी भावनेच्या आधी येणारी कृती असते. तिने गेलेले परत येत नाही, पण कोसळलेल्या माणसाला उद्या करण्यासारखे एक काम मिळते.

तेव्हा कोणाच्या घरी दुःख झाले, तर देवाच्या वतीने खुलासे करू नका. ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस केले तेवढेच करा: जवळ बसा. तो देवाला शिव्या देईल तर ऐकून घ्या. आणि कधी त्याने स्वतःहून टाळ हाती घेतले, तर मागे उभे राहून साथ द्या.