त्याचं एक गाणं

गणपतीच्या दहा दिवसांत आमच्या सोलापुरात 'जेवलास का' याच्या खालोखाल विचारला जाणारा प्रश्न म्हणजे 'आज ऑर्केस्ट्रा कुठंय बे?' पूर्व भागातल्या एखाद्या गल्लीत संध्याकाळी यंत्रमागांचा खडखडाट थांबतो आणि त्याच गल्लीच्या तोंडाशी 'हॅलो, माइक चेक' सुरू होतं. मी अकरावीपासून या 'हॅलो'च्या मागे धावतोय.

ऑर्केस्ट्रा म्हणजे काळ्या कोटातले साठ-सत्तर वादक नव्हेत, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. दोन कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, ढोलकी, दोन गायक, एक गायिका आणि मधल्या वेळात नाना पाटेकरचा आवाज काढणारा निवेदक. बास गिटारवाला असला तर मंडळाची वर्गणी चांगली जमली असं समजायचं. (मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ म्हणे मंचासमोरची नाचायची जागा. म्हणजे खरा ऑर्केस्ट्रा आम्हीच, खाली धुळीत नाचणारे.)

मी ज्या ग्रुपचा फॅन आहे, त्यात एक गायक आहे. आम्ही त्याला 'आमचा किशोर' म्हणतो. डोळे मिटून ऐकलं तर फरक कळत नाही. दहाच्या नोटेत फर्माईशीची चिठ्ठी गुंडाळून मी ती कितीदा तरी स्टेजवर पाठवली असेल. त्याचं खरं नाव मला चौथ्या वर्षी कळलं, तेही बॅनरच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलं होतं म्हणून.

गेल्या वर्षीची गोष्ट. साडेनऊ वाजलेले. दहाला स्पीकर बंद करायचा होता. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार वर्षातले ठरावीक दिवस बारापर्यंत सवलत मिळू शकते, पण तो दिवस त्यातला नव्हता. अर्धा तास उरलेला आणि समोर हजारभर माणसं. तेवढ्यात आमचा किशोर माइक धरून म्हणाला, "मंडळाची परवानगी असेल तर एक माझं स्वतःचं गाणं म्हणतो. मीच लिहिलंय, चालही माझीच. तीनच मिनिटांचंय."

एक क्षण सगळे गप्प झाले. मग मागून कुणीतरी ओरडलं, "झिंगाट!" आणि त्याच्याहून मोठ्यानं मी ओरडलो, "झिंगाट लाव बे!"

तो हसला. कीबोर्डवाल्याकडे बघून मान हलवली. पुढची सात मिनिटं आम्ही घामाघूम होईपर्यंत नाचलो. मजा आली, हे खोटं कशाला बोलू.

घरी येऊन शेंगा चटणी आणि कडक भाकरी खाताना घास जरा अडकला. आपण काय केलं? ज्याच्यावर प्रेम आहे म्हणून दरवर्षी धावतो, त्यानं तीन मिनिटं मागितली आणि आपण ती दिली नाहीत. मग आपलं प्रेम नक्की कुणावर होतं? किशोरकुमार तर 13 ऑक्टोबर 1987 ला गेला. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.

सोपं उत्तर असं की नकलेवर जगणाऱ्यानं नक्कलच करावी. पण हे उत्तर सोलापूरकरानं तरी देऊ नये. पानिपतला विणलेली चादर 'सोलापुरी' म्हणून विकली जाते, याचा आपल्याला किती राग येतो! जीआय मानांकनाचा दाखला देत आपण पाहुण्यांना तासभर समजावतो की खरी कोणती आणि डुप्लिकेट कोणती. तेच आपण रात्री मांडवात जाऊन डुप्लिकेट किशोरसाठी शिट्ट्या मारतो. विसंगती आहे खरी. मला बरेच दिवस वाटत होतं की यातली एक गोष्ट सोडावी लागेल, चादरीचा राग किंवा ऑर्केस्ट्राचं वेड.

आता वाटतं, दोन्ही ठेवता येतील. चादरीच्या बाबतीत राग नकलेचा नसतोच. डिझाइन सगळेच एकमेकांचं बघून उचलतात, आपलेही कारखानदार उचलतात. राग येतो तो विणणाऱ्याचं नाव पुसलं जातं म्हणून. गाण्यात तर नक्कल ही शाळाच आहे. खुद्द किशोरकुमार सुरुवातीला सैगलच्या ढंगात गायचा. मुकेशचंही पहिलं गाजलेलं गाणं सैगलच्या सावलीतलं. कुमार सानू किशोरची गाणी गात पुढे आला, सोनू निगम रफीची गात. कुणी ना कुणी कधीतरी त्यांना म्हणालं असणार, 'आता तुझं ऐकव.' आमच्या किशोरला ते म्हणायची पाळी त्या रात्री माझी होती.

कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञानं 1785 साली लिहिलं की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. यात 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा. रिक्षावाल्याला आपण साधन म्हणून वापरतोच, त्यात पाप नाही. पण त्यानं 'दोन मिनिटं थांबतो, पाणी पितो' म्हटल्यावर आपण हॉर्न वाजवला, तर तिथं 'केवळ' सुरू होतं. त्या रात्री मी हॉर्न वाजवला.

पण मग दुसरी बाजू आठवते आणि मी परत अडकतो. समोरच्या हजार जणांत माझा काकाही होता. बारा तास मागावर उभा राहणारा माणूस, 51 रुपये वर्गणी दिलेला. त्याच्या वर्षात अशा किती रात्री येतात? त्यानं का म्हणून अनोळखी गाणं ऐकावं? त्याला हवं ते पाठ असलेलंच, कारण पाठ असलेल्या गाण्यावरच अंग आपोआप हलतं. आणि 'झिंगाट' तर आमच्याच जिल्ह्यातल्या गोष्टीचं. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातला, 'सैराट'चं शूटिंगही तिकडचं. अजय-अतुलनी त्या सिनेमाचं संगीत थेट लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलं होतं. सातासमुद्रापलीकडचे ते व्हायोलिन आमच्या गल्लीत कीबोर्डवाला पोरगा दोन बोटांत काढतो. हे ऐकून काकाची छाती फुगते, ते मला खोटं ठरवता येत नाही. आनंदाचाही हक्क असतो, आणि ज्याला तो क्वचित मिळतो त्याचा जास्तच.

म्हणून काकाला मी दोष देत नाही. तो फॅन नव्हता, सुट्टी साजरी करायला आला होता. मी फॅन होतो. वाढदिवसाला ज्याचा फोटो स्टेटसला ठेवतो, त्या माणसाकडून काही मागण्याचा माझा हक्क काकापेक्षा मोठा, असं मी धरून चाललो होतो. खरं तर माझ्यावरचं ओझं मोठं होतं. हजारांतल्या एकानं जरी "गा की दादा!" असं ओरडलं असतं, तर कदाचित गर्दी तिकडे वळली असती. कदाचित नसतीही. गर्दीचं काही सांगता येत नाही. पण ओरडायला घसा माझ्याकडे होता आणि तो मी दुसऱ्याच कामाला लावला.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी तो मला पुन्हा दिसला, दुसऱ्या मांडवामागे, टेम्पोत स्पीकर चढवताना. धीर करून गेलो. म्हटलं, "दादा, ते तुमचं गाणं राहिलं त्या दिवशी. आता म्हणता का?"

त्यानं गळ्याला हात लावला. दहा दिवसांत आवाज पार बसला होता. खुणेनंच 'नाही' म्हणाला. मग घोगऱ्या आवाजात विचारलं, "त्या दिवशी पुढं नाचत होतास ना तू? झिंगाटचा व्हिडिओ काढलास का? पाठव की. नवरात्राची बुकिंग त्याच्यावरच येते."

मी तिथंच उभ्या उभ्या व्हॉट्सअॅपवर पाठवला. त्यानं लगेच उघडून बघितला. फोन माझ्याच हातात असल्यामुळे सुरुवातीचे काही सेकंद त्याचा आवाज ऐकूच येत नाही, माझाच येतो.