तेलपाणी

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. इथं विहीर खोदली की पाणी लागतं, पण ते खारं. माणसाला ते पिववत नाही, आणि पिकाला दिलं तर काळी जमीन अशी आवळून येते की पुढं तिच्यात पाणीच मुरत नाही. म्हणून इथली कास्तकारी पावसाच्या भरवशावर. कापूस, मूग, उडीद, तूर, आणि पावसाळा सरल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर हरभरा. दर्यापूर आणि मूर्तिजापूर यांच्या मधलं असंच एक गाव होतं.

त्या गावात तूर उदंड व्हायची आणि डाळ विकत यायची. सोंगणी आणि मळणी उरकली की पोती ट्रॅक्टरवर चढायची, बाजार समितीत लिलाव व्हायचा, तिथून माल अकोल्याच्या मोठ्या दालमिलमध्ये जायचा. पोळ्याच्या सुमारास तोच कास्तकार गावच्या किराणा दुकानात उभा राहून किलोभर डाळ मोजून घ्यायचा. तुरीचा भाव आणि डाळीचा भाव यांच्या मधली कमाई गावाबाहेर राहायची. चुनी आणि टरफलंही बाहेरच राहायची, आणि गुरांसाठी सरकीची ढेप वेगळी आणावी लागायची.

घरच्यापुरती डाळ करून घ्यायला गावात एकच दार होतं, जात्यावाल्या बुडीचं. तिला वावर नव्हतं, नवरा कधीचाच गेला होता. एक मोठं जातं, दोन सुपं आणि दोन बकऱ्या एवढा तिचा संसार. तूर पाखडून झाली की ती तिला तेलाचा हात फिरवायची, रात्रभर तशीच ठेवायची. दुसऱ्या दिवशी पाण्याचा शिपका देऊन पोत्याखाली दाबायची, मग उन्हात पसरायची. दोन उन्हं की तीन, हे ती दाण्याला विचारायची. दाणा दाढेखाली धरून दाबायचा. मऊ लागला तर अजून ओल आहे, आणि टचकन फुटून दोन सरळ फाका झाल्या तर तूर जात्यावर घालायला हरकत नाही. डाळ भरडून दिली की मजुरी म्हणून मापभर डाळ आणि चुनीतला वाटा मिळायचा. डाळ तिच्या पोटाला, चुनी बकऱ्यांना.

गावात यंत्र कधी आलंच नव्हतं असं नाही. कोणत्याशा योजनेतून धान्य चाळायचं एक यंत्र आलं होतं. नारळ फुटला, हार घातले, फोटो निघाले. यंत्र थ्री फेजवर चालणारं, आणि भारनियमनाच्या त्या दिवसांत थ्री फेज यायची ती रात्री-अपरात्री. दोन महिन्यांत पट्टा तुटला. कोणत्या मापाचा पट्टा लागतो हे गावात कुणाला सांगितलेलंच नव्हतं. सोसायटीच्या गोदामात त्याच्यावर ताडपत्री पडली ती पडलीच. पोरं तिच्यावर बसून पत्ते खेळायची.

गावात एक निवृत्त गुरुजी होते. अमरावतीत भाऊसाहेबांच्या, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुखांच्या, शिवाजी शिक्षण संस्थेत शिकलेले. त्यांची सून बचतगटाची अध्यक्ष. डिसेंबरात अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कृषी प्रदर्शन भरलं, तेव्हा गटातल्या काही बायका तिकडं निघाल्या. निघताना गुरुजींनी सुनेला सांगितलं, “नुसतं लांबून पाहून येऊ नको. भाऊसाहेबांनी कृषिमंत्री असताना 1959-60 साली दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं ते कास्तकारानं यंत्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं म्हणून. पापळसारख्या खेड्यात जन्मलेला माणूस तो. तू हात लावून पाहा. आणि किंमत सगळ्यात शेवटी विचार.”

तिथं तिनं विद्यापीठाची मिनी दालमिल पाहिली. एका खोलीत मावेल एवढी. आत एमरीचा खरबरीत रोल फिरतो, दाण्याचं टरफल खरवडून निघतं, खाली चाळण्या डाळ, चुनी आणि भुसा वेगळा करतात. तासाला क्विंटलभर तूर निघते असं तिथल्या पोरानं सांगितलं. तिनं विचारलं, “हे सिंगल फेजवर चालते काय?” चालतं. “यातलं आधी काय झिजते?” तो पोरगा थबकला. हा प्रश्न त्याला त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी विचारला होता. मग मात्र तो खुलला. रोल कधी झिजतो, चाळणी कधी फाटते, पट्टा कोणत्या नंबरचा, सगळं त्यानं कागदावर लिहून दिलं. “आमच्या गावात चक्कीच्या मोटारी भरून देणारा एक पोट्टा हाये. तो शिकन काय?” शिकेल की, तो म्हणाला, घेऊन या. त्यानंतर तिनं किंमत विचारली.

बँकेचं कर्ज झालं. दोन बायका आणि तो मोटारी भरणारा पोरगा शिकून आले. गुरुजींच्या वाड्यातल्या रिकाम्या खोलीत सिमेंटचा ओटा बांधून दालमिल बसली. गावची डाळ गावात होऊ लागली. फेब्रुवारी-मार्चमध्ये पोत्यांची रांग लागायची. चुनी-भुसा गावातच राहिल्यानं गुरांचं खाणं स्वस्त झालं. शेजारच्या गावांतून तूर येऊ लागली, गटाचा हप्ता वेळेवर जाऊ लागला. ज्या बायकांनी जन्मात बँकेची पायरी चढली नव्हती त्या पासबुक उघडून आकडे वाचू लागल्या. हा आनंद खरा होता. पुढचं सांगताना तो मला कमी करायचा नाही.

एके दिवशी दुपारी जात्यावाली बुडी दालमिलवर आली. हातात स्टीलचा लहान डबा. “सूनबाई, थोडी चुनी दे वं. एक बकरी इकली, एक राह्यली हाये.” सुनेनं डबा भरून दिला. बुडीनं लुगड्याच्या गाठीतून नाणी काढली, मोजली आणि ओट्यावर ठेवली. “एवढे झाले ना?”

सून काहीच बोलली नाही. काल-परवापर्यंत जी चुनी त्या बाईची मजुरी होती, ती आज तिला पैसे मोजून घ्यावी लागत होती, आणि विकणारी सून होती. गटाच्या वहीत त्या दिवशी चुनीविक्रीच्या रकान्यात रक्कम जमा झाली. हिशेब बरोबर होता. विकासाच्या कोणत्याही तक्त्यात तो डबा नफा म्हणूनच दिसेल, आणि तेवढ्यासाठी असे तक्ते वाचताना थांबून विचार करायला हवा असं मला मनापासून वाटतं.

रात्री जेवणं झाल्यावर तिनं सासऱ्यांना सांगितलं. गुरुजी बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, “वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड म्हणतात ना, ते दिवस कापसाचे. 1861 ते 65 अमेरिकेत आपसातलं युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्रजांच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा त्यांची नजर आपल्या कापसावर पडली. रेल्वे आली, जिनिंग आल्या, पुढं कापूस न्यायला आपल्याकडं शकुंतला ही छोटी रेल्वे आली. त्याआधी सरकी घरोघरी रेच्यावर निघायची. बायका रेचा फिरवायच्या, त्यावर चुली पेटायच्या. मी चाळीस वर्गांना शिकवलं की जिनिंग आली, पेढ्या आल्या, पैसा आला. रेचेवाल्या कुठं गेल्या हे एकाही पोरानं विचारलं नाही.”

“मंग काय करावं मामाजी? दालमिल बंद करावी?”

“छे. जिनिंग येऊ नये असं मी म्हणत नाही. रेचेवालीला जिनिंगमध्ये घ्यायचं कुणाला सुचलं नाही, एवढंच म्हणतो.”

गटाच्या बैठकीत तिनं विषय काढला. एकीनं तोंड वाकडं केलं. “गटात याचं तं दर महिन्याची बचत भरा लागते. बुडी कुठून भरन? आन आपून कोणाकोणाले पोसावं?” दुसरी म्हणाली, महिन्याला थोडी डाळ देऊन टाकू, पुण्य लागेल. बराच वेळ वाद झाला. शेवटी ठरलं की निदान तिला विचारावं तरी.

बुडीनं पुण्याची डाळ ऐकताच हात झटकले. “मले फुकटाचं नाई पायजे. अजून हातपाय हायेत माये.” मग तिनं उलट विचारलं, “तुमचं ते यंत्र ओल वळखते काय?”

यंत्र ओल ओळखत नव्हतं. तूर यंत्रात घालण्याआधी तेलपाणी लावून वाळवावी लागते, ते काम माणसाचंच. शिकवताना उन्हाचा अंदाज सांगितला होता, पण माघातलं ऊन आणि चैत्रातलं ऊन सारखं नसतं, आणि आभाळ आलं की सगळं गणित चुकतं. त्याच महिन्यात गारपिटीच्या आभाळात केलेल्या दोन पोत्यांची डाळ फुटून अर्धीअधिक चुनी झाली होती आणि त्या कास्तकारानं गटाला चार गोष्टी सुनावल्या होत्या.

बुडी दुसऱ्या दिवशीपासून आली. तेलपाणी आणि ऊन तिच्याकडं. पोत्यामागं ठरलेली मजुरी, चुनीतला वाटा पूर्वीसारखा, आणि गटाचं सभासदत्व. महिन्याची बचत तिच्याच मजुरीतून कापायची हे तिनंच सांगितलं. ती दाणा दाढेखाली धरायची आणि म्हणायची, “राहू दे, अजून एक ऊन.” लोकांना घाई असायची, पण तिनं मान हलवल्याशिवाय पोतं यंत्राजवळ जायचं नाही. काही दिवसांनी तिचे दात साथ देईनात, तेव्हा तिनं दोन पोरींना शेजारी बसवून दाणा दाबायला शिकवलं.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. ओटा बांधताना गवंड्यानं आपल्या मापानं बांधला होता. तुरीचं टोपलं वर ओतायचं तर बायांना खांद्याच्या वर उचलावं लागायचं, आणि दिवसाअखेर प्रत्येकीची पाठ धरायची. त्या सगळ्या हे सोसत होत्या, कारण यंत्र असंच असतं असं त्यांना वाटत होतं. बुडी मात्र पहिल्याच आठवड्यात त्या मोटारी भरणाऱ्या पोराला म्हणाली, “बापू, हे उंच हाये ना बे. मले पायरी करून दे.” त्यानं भंगारातल्या अँगलची दोन पायऱ्यांची घडवंची वेल्ड करून दिली. अर्ध्या दिवसाचं काम. पुढं त्यानं हे माप अकोल्याला जाऊन सांगितलं, म्हणजे पुढच्या गटांना ओटा किती उंच बांधायचा ते आधीच सांगता येईल.

तेव्हापासून त्या पोराची नजर गोदामातल्या ताडपत्रीकडं वळली. ग्रामसभेत ठराव करून चाळणीचं यंत्र गटानं वापरायला मागितलं. उघडून पाहिलं तर उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या, पट्टा नव्हता, बाकी सगळं शाबूत. त्यानं मोटार बदलून ते सिंगल फेजवर आणलं. आता तूर आधी त्यावर चाळली जाते. सारखा दाणा असला की डाळ कमी फुटते, आणि ही निवड बुडी सुपानं करायचीच.

दोनेक वर्षांनी पूर्णेपलीकडच्या एका गावातून माणसं पाहायला आली. सरपंच, दोन सदस्य, एक-दोन होतकरू तरुण. त्यांनी यंत्राभोवती फिरून फोटो काढले, तासाला किती निघते, अनुदान किती, कर्ज किती वर्षांत फिटलं, हे सगळं लिहून घेतलं. सुनेनं चहा दिला आणि विचारलं, “भाऊ, तुमच्या गावात डाळ कोण भरडते?”

ते एकमेकांकडं पाहू लागले. एकजण म्हणाला, “हाये एक बाई. पण तिचं काय?”

“तिले घेऊन या. आन चक्की दुरुस्त करणारा कोणी असन तं त्यालेही. मंग आमी सारं शिकवतो, चार दिवस लागले तरी.”

पुढच्या सोमवारी ते परत आले. जीपच्या मागच्या सीटवर एक साठीची बाई होती, मांडीवर घरचं सूप घेऊन. बुडीनं तिला आधी आपल्या शेजारी बसवलं आणि तिच्या हातावर चार दाणे ठेवले.